चाचांच्या प्लेअरची डावी बाजू

"डावीकडचं बसलंय," दस्तगीरचाचा म्हणाले आणि माझ्या टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "इथं ठेव, मुनीर. हळू."

मुनीर त्यांचा मुलगा, पस्तिशीचा, अंगानं चांगला दणकट. तरी चादरीत गुंडाळलेलं ते धूड टेबलावर ठेवताना त्याच्या कपाळाची शीर ताठली. चादर सोडली तर आत सीडी प्लेअर. चार दुकानांत मिळतो तसला पत्र्याचा हलका डबा नव्हे. अठरा किलोचा, तांब्याचे स्क्रू, झाकण उचलायला दोन हात लागावेत असा. वीस वर्षं जुना, पण अंगावर एक ओरखडा नाही. असला प्लेअर मी तोवर फक्त कॅटलॉगात पाहिला होता.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मिरजेत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मूळ मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांच्या थोरल्याला रेल्वेची नोकरी गोड लागली, धाकट्याला मोबाइल विकण्यात रस. मग मामंजींनी सोल्डरगन सरळ थोरल्या सुनेच्या हातात दिली. लोक हसले. हसेनात का. मी जन्माची हट्टी. बिघडलेली वस्तू समोर आली की ती जिंकते की मी जिंकते, एवढंच मला सुचतं.

दस्तगीरचाचा मामंजींचे दोस्त, म्हणून मला सूनबाई म्हणायचे. गावात तंबोरे करणारे पुष्कळ, पण जवारी काढावी ती चाचांनी, असं धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई म्हणत. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथं टेकते ती जागा कानशीनं अशी बेताची घासायची, की तार नुसती वाजून थांबू नये, गुंजत राहावी. तिला जवारी म्हणतात. ती मापानं निघत नाही, कानानंच निघते. एक घासा जास्त पडला की आवाज गांधीलमाशीसारखा चावतो, कमी पडला तर मुका.

चाचांची एक रीत होती. त्यांच्या वडिलांच्या हातची तंबोऱ्याची एक जोडी कुणा जर्मन गिऱ्हाइकानं नेली होती. त्यानंच तिचं रेकॉर्डिंग करून सीडी पाठवली, आणि ती ऐकायला हा प्लेअर नि हेडफोनही. तेव्हापासून चाचा रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून ती जोडी ऐकायचे, मगच कानस हातात घ्यायचे. सराफ आधी कसोटीचा दगड जवळ घेऊन बसतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि आता त्या जोडीचा डावा आवाज बसला होता. सांगलीत आणि कोल्हापुरात मिळून तिघांनी प्लेअर उघडून पाहिला होता. तिघांनीही सांगितलं की आम्हाला काही दोष दिसत नाही, मशीन म्हातारं झालंय, बदला. मुनीरनं नव्या प्लेअरची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. चाचा ऐकायला तयार नव्हते.

"तीन आठवडे झाले, मी कानशीला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "धारवाडच्या बाईंची जोडी अडून बसलीय. आणखी सहा तंबोरे खुंटीवर आहेत. अब्बांची जोडी दोन्ही बाजूंनी ऐकू आली तर माझं काम चालणार, नाहीतर कारखान्याला कुलूप. आता तू काय ते बघ, सूनबाई."

मी म्हणाले, "आठ दिवस द्या, चाचा. हा प्लेअर मी बोलता करूनच देते."

म्हणाले खरी. तोंडाला कुलूप नाही, हा माझा जुना आजार.

आधी हेडफोन तपासला. दुकानातला दुसरा लावून दिला, तरी चाचांची तक्रार तीच, डावीकडे आवाज मंद, वरचे सूर गायब. म्हणजे दोष हेडफोनचा नाही, प्लेअरच्या पोटातलाच. झाकण काढलं. आतली मांडणी बघून मला मुजरा करावासा वाटला, इतकं देखणं काम. वीस वर्षांत कंडेन्सर सुकतात हे ठरलेलं, म्हणून डाव्या बाजूचे आठच्या आठ बदलले. मीटर लावला. डावी-उजवी सारखी. स्वतः ऐकलं. सारखी. मोठ्या ऐटीत चाचांना निरोप धाडला.

चाचा आले, स्टुलावर बसले, टोपी सारखी केली, हेडफोन घातला, डोळे मिटले. दोन मिनिटांनी त्यांनी मान हलवली. डावीकडे अजून तसंच.

आता दुसरं कुणी असतं तर मी सरळ म्हटलं असतं, बाबा रे, मीटर बघ. पण हे दस्तगीरचाचा. एकदा आमच्याच दुकानात एका रेडिओचा गुणगुणाट ऐकून त्यांनी तो कुठल्या सुरात आहे ते सांगितलं होतं आणि मामंजींनी पेटी आणून पडताळून पाहिलं होतं. आमच्या गावात तारेवर जगणाऱ्या माणसांचा असा पक्का समज होता, की मीटर खोटं बोलेल पण दस्तगीरचा कान खोटं बोलणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी माझा मीटर खोटा ठरवला आणि दुसऱ्या एका मेकॅनिककडून त्याचा मागून आणला. तोही माझ्यासारखंच बोलला. मग आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप लावला. मुंबईहून डाव्या बाजूची आयसी मागवली, ती यायला चार दिवस गेले. ती घातली, एकेक सांधा उकलून पुन्हा डाग दिला. दोन मीटर, एक स्कोप आणि माझे दोन कान असे सगळे साक्षीदार एका बाजूला, चाचा एकटे दुसऱ्या बाजूला, आणि मी शहाणी चाचांच्या बाजूला.

बापू भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पुढच्या काउंटरवरून गंमत बघत होते. म्हणाले, "वहिनी, आता त्यातलं फक्त कंपनीचं नाव बदलायचं राहिलं."

चाचा दुसऱ्यांदा आले, ऐकलं, मान हलवली. या खेपेला मात्र ते लगेच उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि मग म्हणाले की धारवाडच्या बाईंना नाही म्हणून कळवावं म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, आणखी दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीर एकटाच आला. भावजी नाहीत असं बघून हळू आवाजात बोलला. "ताई, तुम्ही अब्बांना सांगा, मशीन मेलं म्हणून. दुरुस्त होण्यातलं नाही म्हणा. तुमचं ऐकतील ते."

"आणि मग नवीन घेणार?"

"नवीनही नको. नसलेलंच बरं. त्यांचं वय झालं, त्यांनी आता घरी बसावं. कारखाना मी बघेन."

माझं डोकंच फिरलं. बापाची गादी इतकी डोळ्यांत भरली का रे तुझ्या, असं अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. एवढंच म्हणाले, "मुनीरभाई, चालत्या मशीनला मेलं म्हणायचं माझ्याच्यानं होणार नाही. मामंजींनी मला ते शिकवलेलं नाही." तो काही तरी सांगायला तोंड उघडून उभा राहिला, मग तसाच निघून गेला.

रागाच्या भरात माझं डोकं चांगलं चालतं. मी टेबल साफ केलं आणि ठरवलं, की हा प्लेअर आत्ताच आलाय, मला कुणी काही सांगितलेलं नाही, पहिल्यापासून सुरू. आणि पहिल्यापासून म्हटल्यावर लक्षात आलं की मी पहिली गोष्ट केलीच नव्हती.

एक बाजू बसली अशी तक्रार आली की आम्ही सगळ्यात आधी डावी नि उजवी तार पालटतो, म्हणजे डावीकडचा आवाज उजवीकडे जातो. पाच मिनिटांचं काम. दोष तारेबरोबर पलीकडे गेला तर तो मशीनमध्ये, जागचा हलला नाही तर मशीनच्या बाहेर. नवशिका पोरगाही हे करतो. मी दहा वर्षं करत होते. पण चाचा डावीकडचं बसलंय म्हणाले, आणि ते म्हणाले म्हणजे झालं, असं धरून मी थेट डाव्या बाजूचं पोट फाडलं होतं. माझ्या आधीच्या तिघांनी बहुतेक तेच केलं असणार. चाचांच्या कानावर संशय घ्यायचा कुणी?

तारा पालटून ठेवल्या. दुपारी चाचा आले, मुनीर त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभा राहिला. मी काय केलंय ते कुणालाच सांगितलं नाही. चाचांनी डोळे मिटले.

"डावीकडेच," ते म्हणाले. "उजवी स्वच्छ आहे."

मी मशीनमागे वाकले, तारा पुन्हा पूर्वीसारख्या केल्या आणि विचारलं, आता?

"डावीकडेच."

तिसऱ्यांदा पालटल्या. उत्तर तेच. जी बाजू मी दहा दिवस मेलेली समजत होते, ती त्या क्षणी त्यांच्या उजव्या कानात होती आणि तिला ते स्वच्छ म्हणत होते. मान वर केली तर समोर मुनीर. तो माझ्याकडे बघून नको, नको अशी मान हलवत होता. डोळे भरलेले. तेव्हा मला त्याचं सकाळचं बोलणं कळलं, आणि मनात त्याला काय काय म्हणाले होते ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोटं बोलणं किती सोपं होतं. मशीन मेलं, चाचा, इलाज नाही, एवढं म्हटलं की ते घरी गेले असते, मान राहिला असता, कारखाना मुनीरनं चालवला असता. पण त्यांनी माझ्याकडे मान मागितला नव्हता. दोष कुठं आहे ते मागितलं होतं, आणि तो मला सापडला होता.

"चाचा, हेडफोन काढा," मी म्हणाले. "आणि उलटा घाला. डावा उजव्या कानावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता हेडफोन फिरवून घातला. पुन्हा सरळ घातला, पुन्हा उलटा. तीनदा केलं, स्वतःच्या हातानं. शेवटी काढून त्याची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवला.

"मशीनमध्ये काही नाही?"

"काही नाही, चाचा. कधी नव्हतंच."

ते मुनीरकडे वळले नाहीत. माझ्याकडेच बघत म्हणाले, "तुला ठाऊक होतं, मुनीर."

"हो, अब्बा."

"कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून. तुमची जवारी फार उघडी निघायला लागली. चावायला लागली. मग... जुम्म्याला तुम्ही मशिदीत गेलात की मी पुन्हा बसवत होतो."

"असे किती बाहेर गेले?"

"नऊ."

नऊ तंबोरे चाचांच्या नावानं बाहेर गेले होते आणि त्यांतल्या एकाचीही जवारी चाचांची नव्हती. चाचा उठले. चपला पायांत सरकवताना एक निसटली, ती मुनीरनं पुढं केली तर त्यांनी पायानंच बाजूला सारली आणि स्वतः वाकून घातली. प्लेअर तिथंच टाकून ते निघून गेले. मुनीर जाता जाता मला म्हणाला, "झालं समाधान?"

झालं नव्हतं. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन भांडी घासता घासता रडले. वाईट वाटलं, फार वाटलं. पण सांगितल्याचा पस्तावा झाला नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

पुढं चार दिवस चाचांचा पत्ता नाही. बातमी आणली ती भावजींनी. डॉक्टरला दाखवलं, डाव्या कानाची नस गेलीय, वरचे सूर परत येणार नाहीत, उजवा मात्र ठणठणीत आहे. चाचा कारखान्यात येतात, भिंतीशी बसतात, कुणाशी बोलत नाहीत. हत्यारं फडक्यात बांधून ठेवलीत.

उजवा ठणठणीत, हे माझ्या डोक्यात अडकून बसलं. प्लेअर टेबलावर होताच. दहा दिवस मी त्या सीडीतला आवाज मोजत होते, तुलना करत होते. ऐकली मात्र एकदाही नव्हती. त्या दुपारी हेडफोन लावून पहिल्यांदा नुसती ऐकली. आणि कळलं, की त्या जर्मनानं एक तंबोरा डाव्या बाजूला टिपलाय नि दुसरा उजव्या. जणू जुळ्या बहिणी, एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरी सुरू करते, दोघी मिळून एक गुंजन करतात. म्हणजे चाचांच्या चांगल्या कानात जोडीतली एकच येत होती. त्यांनी मला काय सांगितलं होतं? अब्बांची जोडी ऐकू आली तर माझं काम चालणार. मग दुरुस्ती झाली कुठं? माझं काम तर अजून टेबलावर पडलं होतं.

अर्ध्या तासाचं काम. दोन्ही बाजूंच्या तारा दोन रेझिस्टन्स घालून एकत्र आणल्या आणि उजवीकडे सोडल्या. शुद्ध आवाजाचे शौकीन बघतील तर मला जोड्यानं मारतील, इतक्या भारी मशीनची मी ही गत केली. बघू देत. भावजींना म्हटलं, उचला, आणि रिक्षात घालून कारखाना गाठला.

छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि भिंतीशी चाचा. चार दिवसांत दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, "घेऊन जा, सूनबाई. विकून टाक. माझ्या काय कामाचं आता ते?"

प्लेअर चौरंगावर ठेवला, प्लग लावला, सीडी घातली. मग म्हणाले, "एकदा ऐका. एकदाच. मग मी स्वतः गिऱ्हाईक शोधते."

त्यांनी हात पुढं केला नाही. मुनीर पुढं आला, त्यानं हेडफोन घेतला आणि वडिलांच्या डोक्यावर चढवला. मी बटण दाबलं.

चाचा समोर बघत होते, मग डोळे मिटले. त्यांनी उजवा हात उजव्या कानावर गच्च दाबून धरला.

"दोघी आल्या," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "दोघी एकाच दारानं आल्या."

सीडी संपल्यावर त्यांनी हेडफोन उतरवला, बाजूचं फडकं ओढलं आणि गाठ सोडायला लागले. मुनीरला मदत करू दिली नाही. कानस काढून पुढ्यात ठेवली आणि धारवाडची जोडी आण म्हणाले.

मुनीरनं पहिला तंबोरा आडवा ठेवला. चाचा पन्नास वर्षांच्या सवयीनं त्याच्या अलीकडे बसले आणि डावा कान घोडीवर झुकवला. तसेच थांबले. मग उठले, वळसा घालून पलीकडे गेले आणि उलट्या बाजूनं बसले. डाव्या हातानं लिहायला बसवलेल्या माणसासारखे अवघडले होते. हात कुठं ठेवावा, पाय कुठं घ्यावा, काही कळत नव्हतं. पण उजवा कान घोडीवर आला. त्यांनी तार छेडली, ऐकली, पुन्हा छेडली.

"ही जवारी मी सोडली तशी नाही. कुणी काढली?"

मुनीर खाली बघत म्हणाला, "मी. तुम्ही हात थांबवायच्या आधीच्या जुम्म्याला."

चाचांनी चारही तारा एकेक करून छेडून पाहिल्या. खर्जाची, म्हणजे सगळ्यात जाड, दोनदा. मुनीर खटल्यात उभं केल्यासारखा उभा होता.

"खर्जाची दाबलीयस, मुकी झालीय," शेवटी चाचा म्हणाले. "बाकी तीन राहू देत."

मग त्यांनी आपल्या डाव्या बाजूचा भुसा हातानं झाडून जागा केली.

"उभा काय राहिलास? बस इथं. ह्या बाजूचं आता तू ऐकायचंस."

मुनीर बसला. चाचांनी कानस उचलून घोडीवर टेकवली. मी माझी पाना-पकड गोळा केली, भावजींना खूण केली आणि आम्ही बाहेर पडलो; निघताना त्या दोघांपैकी कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.